रुडॉल्फ सरांचा शस्त्रपरवाना

९ डिसेंबर २०२४. रुडॉल्फ सरांच्या बंदुकीने आजवर घेतलेले जीव : एक. तोही शेजारच्या ज्युलीच्या कोंबड्याचा. नेम वटवाघळावर होता.

आगाशी गावाजवळच्या वाडीतली केळी राखण्यासाठी सरांच्या वडिलांनी परवाना काढला होता. त्यांच्यामागे बंदूक सरांकडे आली आणि नागरिकशास्त्राचे हे निवृत्त शिक्षक तिला नेमाने पुसत राहिले. आता नूतनीकरणाच्या अर्जावर परवाना कार्यालयाने विचारले होते : गरज काय? कारण पटले नाही, तर वडिलांची उरलेली एकमेव वस्तू हातची जाणार होती.

गरज सांगणे सरांना कमीपणाचे वाटले. ते हक्क शोधू लागले. महिनाभर संविधान वाचले. मूलभूत हक्कांत शिखांचे कृपाण सापडले. केळीवाल्यांसाठी काही नव्हते. नागरिकांना एकत्र जमण्याची मुभा होती, पण ‘शांततेने व विनाशस्त्र’. हेच शब्द त्यांनी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतले होते.

“पण जीविताचा हक्क आहेच,” ते बायकोला, मार्थाला म्हणाले. “अनुच्छेद एकवीस. जीव राखायचा तर साधन नको?”

“सर,” रागावली की मार्था त्यांना असेच म्हणे, “आधी जेवून घ्या. जीव राखला जाईल.”

सुनावणीला तीही गेली. अधिकारी तेजस्वी मॅडमनी एकविसावा अनुच्छेद शांतपणे ऐकून घेतला.

“जिवाला धोका कुणापासून?”

“माझ्यापासून,” मार्था म्हणाली. “महिनाभर संविधान ऐकतेय मी.”

मॅडमनी हसू आवरले. “यंदा दोन्ही निवडणुकांत बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. तेव्हा केळी कोणी राखली?”

खोटे बोलणे अवघड नव्हते. वटवाघळे साक्षीला येणार नव्हती. पण नागरिकाने राज्याला जाब विचारावा, असे ज्याने जन्मभर शिकवले, त्याला राज्याने जाब विचारल्यावर खोटे सांगवेना.

“हिने. पत्र्याचा डबा बडवून.”

“आणि पीक?”

“जरा जास्तच आले.”

नूतनीकरण नाकारले गेले. अपील करता येते, हे सरांना ठाऊक होते. त्यांनी केले नाही. बंदूक ठाण्यात द्यायला निघाले, तर फाटकाशी ज्युली उभी.

“चालली का ही? मग आता माझ्या कोंबड्याचं बोला, सर. त्याला नव्हता जीविताचा हक्क?”

“अनुच्छेदात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे, ज्युली.”

“व्यक्तीच होता तो. सगळ्या आळीला उठवायचा.”

सरांनी बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि वाट धरली.

बंदूक जमा झाली. कोंबडा अजून द्यायचा आहे.