परडीतली पेशी

विषाणू मुलींना दाखवायचा कसा, या एका गोष्टीनं त्या महिन्यात मला धड बसू दिलं नाही. शिवाजी पेठेत, आमच्या मागच्याच गल्लीत, देवीची साथ आली होती. शाळेत मी नववीला शास्त्र शिकवायची आणि फळ्यावरचा ठिपका बघून मुली जांभया द्यायच्या. पण खरा जीव टांगणीला लागला होता तो घरच्या पाळण्यापाशी. लेक नुकती रांगायला लागलेली. देवी टोचणारे डॉक्टर कोपऱ्यावरच्या तालमीत रोज बसत होते, आणि सासूबाई, आमच्या आत्ती, तिला नेऊ देईनात. "देवीला दारातनं हाकलतीस व्हय?" एवढंच उत्तर. नवरा पन्हाळ्याला कचेरीत. रविवारी यायचा आणि आईपुढं गप्प बसायचा. असला संताप यायचा मला.

मग वर्गात दाखवायला पेशीचा नमुना करायला घेतला. पहिली पेशी मडक्याची केली, ती फुटेना. कागदाची केली, ती नको तेव्हा फाटली. शेवटी बाजारातून वेताची टोपली आणली, आत शाडूचे तांबडे रंगवलेले गोळे भरले, वर पातळ कापड ताणलं. कापडाच्या चिरेतून एक गोळा आत सारायचा, मग बुडाच्या भोकातून दट्ट्या दाबला की कापड फाटून तसलेच गोळे भसाभस बाहेर. विषाणू असाच आत शिरतो, आतल्याच मालातून आपल्यासारखे घडवतो आणि पेशी फोडून निघतो. जमलं एकदाचं.

नवं कापड ताणून टोपली स्वयंपाकघरात ठेवली आणि अंघोळीला गेले. येऊन बघते तर तिला हळदकुंकू लागलेलं, वर मूठभर जोंधळ्याचं पीठ. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. मी आणली होती ती देवीची परडी होती, जोगवा मागायची. पीठ झटकायला गेले तर आत्ती म्हणाल्या, "हात लावू नगंस. आधी सांग, ह्यात काय बसीवलंयस?"

चिडून मी सगळं करून दाखवलं. गोळे चुलीपर्यंत घरंगळले. आत्तींनी एक गोळा उचलून परत परडीत ठेवला.

"आणि टोचल्यावर?"

"गाईला येणाऱ्या सौम्य देवीची लस असते ती. ती टोचली की शरीर आधीच ओळखून तयार राहतं."

"म्हंजे गाईची धाकटी देवी आधी येऊन बसती. थोरलीला मग परडीत जागाच न्हाय. असं सरळ सांगायचं की."

चूक होतं. साफ चूक. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. अगदी जिभेवर आलं होतं. आत्ती लेकीला पाळण्यातून उचलून शालीत गुंडाळत होत्या.

"असंच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आत्ती," मी म्हणाले, "अगदी असंच." आणि तालमीत जायला चपला घालून त्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहिले.