भाऊंचा वन्समोअर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साठतात, मागाखाली सुताचा पुंजका साठतो तसे. रोज झाडा, रोज आहेच. आमच्या नाट्यमंडळाची नाटकं मोजून तीन झाली असतील, पण चहाला बसलो की कुणाला उठवत नाही. मी या मंडळाची प्रॉम्प्टर. दिवसा एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिते आणि सुट्टी बघून विंगेत उभी राहते, दुसऱ्यांना त्यांची प्रेमाची वाक्यं हळूच पुरवायला. त्यामुळं प्रेक्षकांना जे दिसत नाही ते सगळं मला दिसलंय.

नाटकाचं नाव 'संगीत चंद्रिकेचा रुसवा'. लिहिलं आमच्या मास्तरांनी, बसवलंही त्यांनीच. गणिताचे रिटायर्ड शिक्षक. नाटक नवंकोरं, पण थाट सगळा जुना. नांदी, सूत्रधार, झोपाळा, पुठ्ठ्याचा चंद्र आणि एकवीस पदं. राजपुत्र माळी बनून बागेत येतो, चंद्रिका रुसते, तो मनवतो, ती परत रुसते. संपलं नाटक.

मी एकदा विचारलं, "मास्तर, एवढी पदं कशाला हो?"

मास्तर म्हणाले, "कथा एवढीच हाय. राहिलेल्या वेळात काय करू?"

*

तालमी भवानी पेठेत, पद्माक्कांच्या घरच्या मागाच्या शेडमध्ये. पद्माक्का म्हणजे आमची चंद्रिका. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि स्टेजवर असलं शुद्ध मराठी की मास्तर खाली मान घालून ऐकायचे. त्यांचे माग संध्याकाळी बंद असत, पण शेजारच्या शेडमधले चालू. त्या खडखडाटाच्या वरून आवाज न्यायचा म्हणून आम्ही सगळे घसा फोडून गायचो. तबल्यावर रफीकचाचा, त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. गादी झोडपावी तसा तबला वाजवायचे, तेव्हा कुठं ऐकू जायचा.

पहिला प्रयोग चांगल्या बंदिस्त नाट्यगृहात. एकदम शांतता, वर माईक. आमची सवय मात्र शेडमधलीच. नांदी सुरू झाली आणि पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे खुर्चीत दचकले. मध्यंतरानंतर बघते तर पहिली रांग मोकळी, आणि पाहुणे सहकुटुंब अकराव्या रांगेत.

मास्तर खूश. म्हणाले, "बघा, मागपर्यंत हाऊस भरलंय."

*

आता राजपुत्र. आमचा राजपुत्र म्हणजे भाऊ, वय एकसष्ट. जन्मभर बस स्टँडवर गाड्यांची अनाउन्समेंट केलेले. त्यामुळं चंद्रिकेला हाक मारली तरी ती फलाट क्रमांक तीनवर उभी आहे असं वाटायचं. पण मंडळ त्यांनीच काढलेलं, तेव्हा नायक कोण हा प्रश्न कुणी काढत नव्हतं. माणूस सोन्यासारखा. फक्त नायक नव्हता.

दुसऱ्या अंकात राजपुत्र गुडघ्यावर बसून चंद्रिकेचा हात मागतो. पहिल्या प्रयोगात भाऊ बसले. छान बसले. उठायची वेळ आली आणि उठता येईना. पद्माक्कांनी प्रसंग ओळखला, दोन्ही हात धरले आणि गहू भरलेलं पोतं उचलावं तसं भाऊंना उभं केलं.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात परीक्षण आलं. "नायिकाच पुढाकार घेऊन नायकाला उभं करते, हा जुन्या बाजाच्या नाटकातला आधुनिक विचार दिग्दर्शकाने सूचकपणे मांडला आहे."

मास्तरांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं. आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगात गुडघ्यावर बसणं कम्पल्सरी केलं.

*

भाऊंचं दुखणं मात्र गुडघ्याचं नव्हतं, वन्समोअरचं होतं.

संगीत नाटकाची ही जुनी रीत. पद आवडलं की प्रेक्षकांतून 'वन्समोअर' अशी आरोळी येते, आणि मग गाणाऱ्यानं ते पुन्हा म्हणायचंच. नाही म्हटलं तर प्रेक्षकांचा अपमान. पद्माक्कांना प्रत्येक प्रयोगात दोन तरी वन्समोअर ठरलेले. भाऊंना एकही नाही. कधीच नाही. तिसऱ्या अंकात चंद्राखाली त्यांचं मोठं पद होतं, तेवढ्या एका पदासाठी ते वर्षभर थंड पाणी प्यायले नाहीत. पद संपलं की ते क्षणभर तसेच थांबायचे, प्रेक्षकांकडं बघत. मग मीच विंगेतून पद्माक्कांना पुढचं वाक्य द्यायची. मला तो क्षण फार जड जायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा भाऊंनी रफीकचाचांना विचारलं, "चाचा, कुठं कमी पडतंय हो?"

चाचा तबल्याची वादी ओढत म्हणाले, "भाऊ, वन्समोअर मांगने से नई मिलता. और मिल गया तो फिरसे गाना पडता. दोनो बाजू सोच लो."

*

भाऊंनी एकच बाजू सोचली. वन्समोअर मिळाल्यावर काय बोलायचं, याची तयारी सुरू केली.

तो प्रयोग आमचा पहिल्यांदाच कॉलर माईकवर. पद्माक्का स्टेजवर विरहात बसलेल्या, डोळ्यांत पाणी. भाऊ आत मेकअप रूममध्ये आरशासमोर. माईक चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सबंध नाट्यगृहात आवाज घुमला, "रसिक मायबाप, आपल्या प्रेमळ आग्रहाखातर हे पद मी पुन्हा एकदा सादर करतो."

पद्माक्का विरह सोडून वर छताकडं बघायला लागल्या. चाचांनी तोंडात रुमाल कोंबला.

मधल्या रांगेतून एक आजोबा शांतपणे म्हणाले, "आमी आग्रह अजून केलाच न्हाई की ओ."

*

मोहोळच्या प्रयोगाला मात्र भाऊंनी पक्का बंदोबस्त केला. त्यांच्यासोबत सकाळी फिरायला येणारे सहा पेन्शनर मित्र गाडी करून आणले आणि तिसऱ्या रांगेत बसवले. त्यातल्या कुणाला पद कुठलं आणि दोहा कुठला हे कळत नव्हतं. म्हणून भाऊंनी सोपी खूण सांगून ठेवली. "लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, की लगेच ओरडायचं. डोकं चालवायचं न्हाई."

आता घोळ बघा. दुसऱ्या अंकात माळी चंद्रिकेचा हात धरतो आणि ती त्याच्या थोबाडीत देते. त्या दिवशी पद्माक्कांची चापट जरा सणसणीत बसली. सगळं मोहोळ खूश झालं. कडाडून टाळ्या!

तिसऱ्या रांगेतून सहा जण एका सुरात ओरडले, "वन्समोअर!"

स्टेजवर सगळं थांबलं. भाऊ गाल धरून उभे. पद्माक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी वहीत बघितलं, वहीत काय असणार? शेवटी पद्माक्का रीतीच्या पक्क्या. त्यांनी प्रेक्षकांना नमस्कार केला, पदर सावरला आणि दुसरी दिली.

पुन्हा टाळ्या. पुन्हा सहा जण. सांगितलेलं काम ते इमानदारीनं करत होते.

तिसऱ्या वेळी मास्तरांनी पडदा पाडला. तिसऱ्या अंकातल्या मोठ्या पदाला टाळ्या पडल्याच नाहीत, म्हणून ते सहा जण गप्प बसून राहिले. गाडीत परत येताना त्यातल्या एकानं भाऊंना विचारलं, "जमलं न्हवं का आमाला?"

भाऊ म्हणाले, "लई चांगलं जमलं."

*

मग मंडळाची मीटिंग झाली. पुढच्या सीझनला राजपुत्र बदलायचा असं ठरलं. नवा राजपुत्र दातांचा डॉक्टर, वय सत्तावीस, गुडघ्यावर बसतो आणि उठतोही. हे भाऊंना सांगायचं कुणी, यावर तासभर चर्चा. चर्चा चालू असताना भाऊ तिथंच बसलेले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

भाऊ म्हणाले, "करमाळ्याचा प्रयोग आहे ना अजून? तेवढा करतो. मग झालं."

आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. डॉक्टरला बिनसाखरेचा. मला त्या दिवशी आमचा सगळ्यांचा राग आला, माझ्यासकट.

*

करमाळ्याचा प्रयोग दुपारी तीनला, एका मंगल कार्यालयात. बाहेर ऊन, आत पंख्यांचा आवाज, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पेन्शनर मंडळी नव्हती. भाऊंनीच त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

तिसरा अंक आला. पुठ्ठ्याचा चंद्र वर गेला, पद्माक्का झोपाळ्याशी उभ्या राहिल्या, भाऊंनी पद धरलं. वरचा सूर यायच्या आधी त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तो सूर चक्क सोडून दिला. खालीच गायले. अंगणात बसून माणूस गुणगुणतो तसं. फलाट नाही, अनाउन्समेंट नाही. इतक्या तालमी ऐकल्या मी, पण त्या पदाचे शब्द काय आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

पद संपलं. भाऊ थांबले, प्रेक्षकांकडं बघत. दोन-चार टाळ्या पडल्या. मागं एकानं शेजाऱ्याला पाणी कुठं आहे विचारलं. बाकी काही नाही.

पुढचं वाक्य पद्माक्कांचं होतं. "जा, आम्ही नाही बोलत." असं म्हणून चंद्रिका आत निघून जाते. पद्माक्का बोलेनात. विसरल्या असतील म्हणून मी वाक्य पुरवलं. "जा, आम्ही नाही बोलत." तरी गप्प. मी पुन्हा दिलं, एवढ्या मोठ्यानं की पहिल्या रांगेतली बाई हसली.

पद्माक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ऐकलं." आणि त्या झोपाळ्यावर जाऊन बसल्या. पाय वर घेतले. मग भाऊंना म्हणाल्या, त्यांच्या रोजच्या बोलण्यात, स्टेजवरच्या नाही, "परत म्हणा की ओ."

मी वहीची पानं उलटत होते, तोवर चाचांनी ठेका धरलासुद्धा. मास्तर समोरच्या विंगेत खुर्चीवरून उठून उभे राहिले.

भाऊंनी ते पद पुन्हा म्हटलं. सबंध, प्रेक्षकांकडं पाठ करून.