टेबलावरचा झेंडा

महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावर रामधन राठोड राहतो. शेती कापसाची आणि सोयाबीनची, पण त्याला कुठल्याही गावाबद्दल विचारा, तो ओळख सांगतो ती तिथल्या कढईवरून. बाभुळगाव म्हणजे त्याच्या लेखी गिला वडा. मारेगावच्या कोर्टात त्याच्या तिकडच्या शेताच्या बांधाचा वाद चालू होता. तारीख पुढे ढकलली की वकिलाचं तोंड उतरायचं आणि रामधनचं उजळायचं, कारण कोर्टासमोरची मिरचीची भजी पुन्हा एकदा खायला मिळणार असत. शेवटी समोरच्यानेच तडजोड केली, तेव्हा तांड्यात पेढे वाटताना एकटा रामधन उदास होता.

खाण्यात त्याचा नियम एकच: वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणायचं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढणारा थकून दुसऱ्या ओळीत सटकायचा, हॉटेलवाला रिकामी कढई वाकडी करून दाखवायचा, पण रामधनच्या तोंडून तो शब्द निघाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. तांड्यातली त्याची अर्धी इज्जत यावर उभी होती.

उरलेली अर्धी इज्जत मंदिरापुढच्या पांढऱ्या झेंड्यावर होती. म्हाताऱ्या बादलकाकांनी काठीवर त्याचा हात ठेवून, वरून आपला हात दाबून तो मान त्याच्याकडे दिला होता. चढवलेला झेंडा नवा चढेपर्यंत खाली येऊ द्यायचा नाही. मागच्या वादळात सगळे घरात पळाले आणि रामधन काठीला मिठी मारून भिजत उभा राहिला.

या दोन गोष्टींची एकाच टेबलावर गाठ पडेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

झालं असं, की यवतमाळात नोकरी करणाऱ्या इंद्रजीतला, म्हणजे रामधनच्या मुलाला, बढती मिळाली. त्याने वडिलांना, आई जमनीला आणि बायको बबिताला नव्या हॉटेलात न्यायचं ठरवलं. तिथे म्हणे एकदा पैसे भरले की पोट भरेपर्यंत वाढतात. ही बातमी तांड्यात पसरली. निघताना शेजारच्या धरमसिंगाने रामधनला गाठलं आणि म्हणाला, "तुहा नियम आमच्या गरिबाच्या पंगतीत ठीक हाये. तिथं तुह्या तोंडून 'पुरे' निघते का नाही, ते मी जमनीवहिनीले विचारीन."

हॉटेलच्या टेबलात मधोमध निखारे पेटलेले होते आणि त्यांच्या शेजारी बोटभर काठीवर एक छोटा झेंडा उभा होता. फुलचंद नावाचा मिशाळ वेटर आला आणि त्याने रीत समजावली. झेंडा उभा आहे तोवर तो भाजलेल्या खाण्याने भरलेल्या सळया आणत राहणार; झेंडा खाली केला की थांबणार. रामधनला फार बरं वाटलं. असा मान त्याला कोर्टातही मिळाला नव्हता. त्याने झेंड्यावरची धूळ फुंकली आणि काठी सरळ केली.

मग सळया येऊ लागल्या. पनीर आलं, बटाटे आले, कोंबडी आली. अननसाची भाजलेली फोड आली तेव्हा, चांगलं फळ काहून जाळलं, असं त्याने विचारलं आणि खाल्ली. हळूहळू इंद्रजीतने पट्टा सैल केला. बबिताने ताटावर रुमाल झाकला. जमनीने खुर्ची मागे ओढली. फुलचंद मात्र येतच होता, आणि रामधन खातच होता. पुढे पुढे तो घास चावण्यापेक्षा त्याची समजूत घालत होता.

शेवटी इंद्रजीतने हळूच झेंड्याकडे हात नेला. रामधनने नुसतं पाहिलं. हात परत आला.

"बा, हा हॉटेलचा झेंडा आहे," इंद्रजीत म्हणाला.

"झेंडा झेंडा असते. अन् खाली केला का म्या पुरे म्हटल्यासारखंच झालं. धरमसिंगले काय सांगू?"

"झेंडा हॉटेलचा हाये, पण पोट आपलं हाये," जमनी म्हणाली.

रामधनने फुलचंदलाच गळ घातली, की तूच कर खाली. फुलचंदच्याही पायांत गोळे आले होते, पण तो म्हणाला की मालकाचा हुकूम आहे, झेंडा गिऱ्हाइकानेच खाली करायचा. दोघेही एकमेकांकडे केविलवाणे बघत राहिले. मग फुलचंद नवी सळी आणायला गेला, कारण झेंडा उभा होता.

रामधनच्या कपाळावर घाम आला. पुढचा घास आत जाईल की तो नको तो शब्द बाहेर येईल, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

तेवढ्यात जमनीचं लक्ष दाराकडे गेलं. जागा नाही म्हणून एक जोडपं ताटकळत उभं होतं. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. "बादलकाकानं मान ठेवून घेतला का देऊन टाकला?"

रामधनचा चेहरा खुलला. तो कष्टाने उठला आणि त्या जोडप्याला आग्रहाने टेबलाशी घेऊन आला. ते बाभुळगावचे भगवानराव आणि त्यांची बायको कोकिळा निघाले. रामधनने भगवानरावांचा हात त्या बोटभर काठीवर ठेवला, वरून आपला हात दाबला आणि गंभीरपणे म्हणाला, "आता हा तुमच्याकडे. पडू देऊ नका."

भगवानराव भला माणूस. त्यांनी काही न समजता मान डोलावली आणि काठी दोन्ही हातांनी धरली. इतक्यात फुलचंद सळी घेऊन आला. झेंडा उभाच दिसला, तशी त्याने ती भगवानरावांच्या ताटात रिकामी केली.

हॉटेलचा जिना उतरताना प्रत्येक पायरीवर रामधन थांबत होता, पण मान ताठ होती. झेंडा उतरला नव्हता आणि तो शब्द निघाला नव्हता.

स्टँडजवळच्या ओळखीच्या गाडेवाल्याने त्याला लांबूनच पाहिलं आणि नेहमीप्रमाणे न विचारता गरम आलूबोंड्याची प्लेट पुढे केली. इंद्रजीतने डोळे मिटले. रामधनने गाड्याच्या चारी बाजूंना नीट पाहून घेतलं. झेंडा कुठेच नव्हता.

"मंग एकच ठेव," तो म्हणाला.