आत्याने खालचा मजला निवडला

हे लिहिणारच नव्हते मी. आत्याला कळलं तर म्हणेल, तुला दुसरा विषय मिळाला नाही का गं. पण काल तिच्या ऑफिसात जाऊन आले आणि राहवेना, म्हणून एका दमात टाइप करतेय. चुका पोटात घाला.

माझी आत्या पेन्शन ऑफिसात प्रोग्रॅमर आहे. तिथल्या मोठ्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवर सगळ्या निवृत्त लोकांची पेन्शन निघते, आणि ती काढणारा प्रोग्रॅम कोबॉल नावाच्या जुन्या भाषेत आहे. बाबांच्या लग्नाआधीपासून आत्या तो सांभाळतेय. पूर्वी तिच्या खोलीत टेबलाला टेबल लागून माणसं होती, एकेक करून सगळी निवृत्त झाली. आता ती एकटीच. तिथले दिवे कुणी हललं तरच चालू राहतात, आणि आत्या एकदा स्क्रीनमध्ये घुसली की हलतच नाही. मग अंधार. काल मी दारात पोचले तर तिने हात वर करून हलवला, मीपण हसून हलवला. तिने मला पाहिलंच नव्हतं, ती दिवे लावत होती.

झालंय असं, की कुठले प्रोग्रॅम कोबॉलमध्येच ठेवायचे आणि कुठले जावा या नव्या भाषेत लिहायचे, हे ऑफिसने आत्यालाच ठरवायला सांगितलं. जावावाले वरच्या मजल्यावर बसतात. मुख्य प्रोग्रॅम जावात गेला असता तर आत्याही वर गेली असती. आणि तिला जावा येतं हो. कित्येक रविवार आम्ही दोघी माझ्याच पुस्तकावरून शिकलो, माझ्याआधी तिला जमलं, वर मलाच टोमणा, "कॉलेजात काय माशा मारता का गं?"

काल ती चष्मा घरी विसरली म्हणून द्यायला गेले, तेवढ्यात तिचे साहेब आले. तिच्याहून लहान आहेत, माणूस चांगला.

"मॅडम, लोक फोनवर बघतात ते सगळं जावात, हे पटलं. पण मुख्य प्रोग्रॅम कोबॉलमध्येच?"

"हो."

"वर म्हणतायत, मॅडम नव्याला घाबरल्या."

"म्हणू देत. त्यांची तोंडं धरायला मी कुठे जाऊ?"

"कारण तरी सांगा."

"नियम बदलला की आधीच्या लोकांना जुनाच नियम लागू ठेवायचा, असे थरावर थर आहेत त्यात. नीट चाललंय. नव्याने लिहिताना एखादा थर सुटला तर कुठल्या तरी आजीची पेन्शन चुकणार. ती बिचारी कुणाला विचारणार?"

साहेब शेजारच्या रिकाम्या टेबलाला टेकले. मग हळूच म्हणाले, "मग तुम्हाला इथेच बसावं लागेल. वर या ना मॅडम, वर माणसं आहेत."

आत्याने चष्मा पुसला, पुसलेलाच परत पुसला.

"मला करमत नाही म्हणून प्रोग्रॅम बदलायचा का? त्यापेक्षा शेजारी कुणीतरी शिकायला द्या."

"विचारलं सगळ्यांना. कुणी तयार होत नाही."

ते गेले आणि माझा भडकाच उडाला. "आत्या, जावा म्हणून टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तेच तर सांगितलं आत्ता. कान घरी ठेवून आलीस का?" मग स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "दुपारचं जड जातं फक्त. डबा उघडला की बोलायला कुणी नसतं. मग भराभर खाते आणि उठते."

मला रडूच आलं, बाहेर येऊन रडले.

आपल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारे ढिगाने आहोत, आणि कोबॉल म्हटलं की नाकं मुरडतो. मीपण मुरडायचे. नका शिकू हवं तर. पण पेन्शन ऑफिस आपल्या मागच्या गेटपासून चालत जाण्यासारखं आहे. दुपारी डबा घेऊन जा, तुमच्या भाचीने पाठवलं म्हणून सांगा, आणि तिच्यासोबत जेवा. ती आधी दोन टोमणे मारेल, तेवढे ऐकून घ्या. याच आठवड्यात जा, प्लीज.