अमेरिका आणि माझ्या पापण्या

आमच्या रिठद गावाकडे लाल डोळ्यांचं कोणाला नवल नव्हतं. पापण्यांच्या आत खरखरीत दाणे उठत. त्यांना खुपऱ्या म्हणत, आणि कोणी ते फारसं मनावर घेत नसे. मीही घेतलं नसतं. पण पहिलं महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती, मी नागपूरला रसायनशास्त्र शिकत होतो, आणि प्राध्यापकांनी खटपट करून सरकीच्या तेलावर संशोधन करायला मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जागा मिळवून दिली. जहाजावर चढण्याआधी डॉक्टर पापण्या उलटून पाहतो आणि खुपऱ्या दिसल्या की परत पाठवतो, हे तेव्हा कळलं. नागपूरच्या डॉक्टरांच्या औषधाने माझ्या खुपऱ्या बऱ्याच बसल्या होत्या. "आता डोळ्यांना हात लावू नकोस," एवढंच त्यांनी बजावलं.

निरोप घ्यायला घरी गेलो तर मायने अबोला धरलेला. समुद्र ओलांडला की पोरगा मेल्यात जमा, असं तिचं मत. वडील कधीचेच गेलेले, मी एकुलता एक. ती जेवायला वाढी, पण तोंडाकडे पाहत नसे. डोळ्यांच्या तपासणीचं मी शेजाऱ्याला सांगत होतो, ते मात्र तिने ऐकलं असावं. निघायच्या आदल्या दिवशी तिने गल्लीतल्या म्हातारीला बोलावून आणलं. ही म्हातारी खडीसाखरेच्या खड्याने खुपऱ्या घासून काढी. गावात तिचा हात नावाजलेला.

"जाचंच हाये तं साफ डोयानं जाय," माय म्हणाली. "तुले कोनं वापस धाडलं नाई पाह्यजे."

विज्ञान शिकलेला मी. नाही म्हणायला हवं, हे कळत नव्हतं असं नाही. पण माय पहिल्यांदाच 'जाय' म्हणाली होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हातारी घासत राहिली आणि माय पदराने रक्त टिपत राहिली.

मुंबईत जहाजाच्या डॉक्टरने पापणी उलटली, नकारार्थी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. आत सगळं सोलून पिकलं होतं. विद्यापीठातली जागा माझ्यासाठी थांबणार नव्हती. ती दुसऱ्या कोणाला तरी गेली.

घरी परतलो तेव्हा माय अंगणात धान्य पाखडत होती. मला पाहताच तिने सूप टाकलं आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारणीला हाक मारली, "पाह्य वं, माह्या पोरानं मायसाठी अमेरिका सोडली! मले टाकून कसा जाईन तो?"

मी सूप उचलून तिच्या हातात दिलं. खरं सांगितलं असतं तर ती जिवंतपणी मेली असती. पुढे आल्यागेल्याला ती हेच सांगायची, आणि सांगताना माझ्या तोंडावरून हात फिरवायची. त्या हाताची मला चीड येई. माय गेली, तरी ती चीड अजून येते.