पालथी फीत

सगळे तिला कात्रीबाई म्हणत. मुक्या चित्रपटांच्या कंपनीत फिती कापायच्या आणि गोंदाने जोडायच्या, हे तिचं बारा वर्षांचं काम. नवरा गेल्यावर थोरल्या दिरांनी "आता आमच्याकडे राहा" असा हुकूम सोडला, तेव्हा याच कामाच्या जोरावर तिने वेगळी खोली घेतली. वीतभर खोली, पण कडी आतून तिची! तरीही दीर दर रविवारी येऊन तेच दळण दळायचे, "किती दिवस हा हट्ट?"

त्या शनिवारी सकाळी मालक घाम पुसतच तिच्याकडे आला.

"बाई, शेवट बदलायचा. बायको घर सोडून जाते आणि चित्रपट संपतो? लोक खुर्च्या मोडतील माझ्या. तिला परत आणा."

"आणू कुठून? नटी तर नाक्यापलीकडच्या कंपनीत गेली."

"फीत पालथी घाला."

मेल्याला बरोबर ठाऊक होतं! फीत पालथी घालून जोडली, की पडद्यावर उजवीकडे जाणारं माणूस डावीकडे चालू लागतं. घर डाव्या अंगाला दाखवलेलं. रस्त्याचा तुकडा तेवढा पालथा घालायचा, पुढे "मला क्षमा करा" अशा अक्षरांची पाटी म्हणून फितीचा तुकडा चिकटवायचा, की बाई मुकाट घरी.

"तीनचा खेळ आहे. जमत नसेल तर दिरांना निरोप धाडतो. न्यायला तयारच आहेत ते."

काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की दिरांची चूल. तिने तुकडा कापला, पालथा जोडला, उजेडासमोर धरला. पेटी घेतलेली ती बाई खरंच घराकडे निघाली होती. अगं बाई, इतकं सोपं? थेंबभर गोंद आणि सगळा जन्म फिरला! तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

अडीच वाजता पडद्यावर चित्रपट दाखवायचं यंत्र चालवणारे म्हातारबा दारात आले. "झालं का?"

"जरा थांबा," म्हणत तिने जोड टर्रकन तोडला. तुकडा सुलट केला, पुन्हा चिकटवला, पाटी कचऱ्यात टाकली.

खेळाला ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्यावर बाई उंबरठा ओलांडून रस्त्याला लागली, उजवीकडे, आणि अंधार झाला. एक पुरुष ओरडला, "अगं, मागे फीर!"

"जाऊ दे की तिला!" बायकांच्या बाकांवरून आवाज आला. पाठोपाठ आणखी दोन-तीन.

मालक ताडताड आला. "सोमवारपासून येऊ नका."

मालकाचा निरोप मिळताच रविवारी दीर सामानासाठी गाडी घेऊनच हजर. कात्रीबाई पेटी घेऊन बाहेर आली, तसा त्यांचा चेहरा खुलला.

"आली ना अक्कल? बस गाडीत."

तिने दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. पेटीत कात्री होती आणि गोंदाची बाटली.

"भाऊजी, गाडी रिकामीच न्या," ती म्हणाली. दिरांचं घर डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली आणि नाक्याच्या दिशेने चालू लागली.