बेकरीवाल्या चाचांचं ऑपरेशन

साठ सालानंतरची गोष्ट. टाकव्याहून येऊन मी लोणावळ्याच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच लागले होते. तिथं खंडाळ्याचे एक बेकरीवाले चाचा दाखल झाले. पोटात गाठ, आणि तीही पसरलेली. डॉक्टर म्हणाले, "पुण्याला नेऊन ऑपरेशन करता येईल, पण गुण येईल असं मला वाटत नाही."

चाचांना ऑपरेशन नकोच होतं. मुलगी मात्र हटून बसली. "अब्बा, इलाज सोडायचा म्हणजे आपणहून जीव द्यायचा. गुनाह आहे तो!"

आता मात्र चाचा घाबरले. मरणाला नाही, गुनाहाला. मला म्हणाले, "बेटी, मशिदीत मौलवीसाहेबांना निरोप धाड."

मौलवीसाहेब सायकलवरून घामाघूम होऊन आले. मला वाटलं, आता किताब उघडतील. पण त्यांनी आधी डॉक्टरांनाच बसवून घेतलं. आशा किती, हाल किती, सगळं खोदून खोदून विचारलं. मग चाचांच्या खाटेवर टेकले.

"गुण येणार असेल तर दवा जरूर घ्यावी. नुसते हालच वाढणार असतील, तर नको म्हणण्यात गुनाह नाही. मात्र मौत मागायची नाही, आणि कुणी ती आणायचीही नाही. खाणंपिणं, सेवा चालू ठेवायची."

"आणि कळ थांबवायचं इंजेक्शन?" मी न राहवून विचारलं.

"द्या की! सबर शिकायला दुखणं कशाला? त्याला यांची ही हट्टी मुलगी आहे ना!"

मुलगी रडता रडता हसली. चाचांनी लगेच डॉक्टरांकडे मान वळवली. "मग खारी चालेल?"

"चालेल. चहात बुडवून."

चाचा घरी गेले. इंजेक्शन द्यायला मी रोज खंडाळ्याला जायची. भट्टीशेजारी खाट टाकून ते कामगारांवर ओरडत बसलेले असायचे. मला त्यांनी नानकटाई शिकवली. माझा पहिला घाणा चाखून म्हणाले, "ही रेल्वेला दे, खडीच्या जागी घालतील."

असे चार महिने गेले. मग एका दुपारी, मुलीचा हात हातात असताना, ते शांतपणे गेले. मी पोचले तेव्हा ती रडत होती, पण तिच्या मनात कसलीही टोचणी नव्हती.

पुढे बेकरी तिनंच चालवली. मौलवीसाहेब रोज पाव न्यायला यायचे आणि आकार लहान झालाय म्हणून तिच्याशी भांडायचे.